खोट्या तालुक्यातली बाळं

"आधी चहा घ्या मॅडम. वॉर्ड काय पळून जातोय होय?"

"वॉर्ड नाही पळत हो डॉक्टर, वॉर्डातली माणसं पळतात. आधी वॉर्ड दाखवा."

डॉक्टर इंगवले हसले, पण खुर्चीतून उठले नाहीत. टेबलावरची घंटी वाजवून त्यांनी चहा सांगितला, वर बिस्किटं सांगितली, आणि मला म्हणाले, "अशा अवस्थेत घाट चढून आलात. जरा पाय वर घेऊन बसा." मी मनात म्हटलं, गिरिजा, इथं पाणी मुरतंय. एवढी काळजी माझ्या सासूनंही केली नव्हती.

संशय घेणं मी आईकडून शिकले. माझी आई भाजीवाल्याचा तराजू उलटा करून बघायची आणि बाईनं घासलेल्या भांड्याचा वास घ्यायची. मी तेच पुढं कॉलेजात शिकून त्याचा पगार घेत होते, एवढाच काय तो फरक. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी गणिती होते, आणि त्या वेळी मला सातवा महिना चालू होता.

काम काय होतं ते सांगते. हिवाळ्यात तान्ह्या बाळांना श्वासाचा एक विषाणू धरतो, आरएसव्ही म्हणतात त्याला. तुम्हाआम्हाला त्यानं नुसती सर्दी होते, पण दोन महिन्यांच्या जिवाची छाती भरते, बरगड्या आत जातात, दूध ओढवत नाही. त्यावर एक लस आली होती. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती आईला टोचायची, आणि आईच्या रक्तातून बाळाला पहिले काही महिने पुरायची. लस थोडी आणि तालुके फार, म्हणून कुणाला द्यायची ते ठरवायला समिती बसणार होती. समितीपुढं उत्तर ठेवायचं काम आमच्याकडं आलं होतं.

आम्ही कॉम्प्युटरात एक खोटा तालुका वसवायचो. खऱ्या तालुक्यात जेवढ्या गरोदर बायका नोंदवल्यात तेवढ्या खोट्या आया, तेवढी खोटी बाळं, त्यांना शिंकणारे खोटे आजे आणि खोट्या आत्या. मग त्यात तो आजार सोडायचा. एकदा लस न देता, एकदा लस देऊन. दोन्हींत जेवढी बाळं वाचली त्याचा जो फरक पडेल, तो लसीचा गुण. बाकी कागद कितीही जाड दिसला तरी आत एवढंच असतं.

आंबेघर तालुक्याचं गणित मात्र बसत नव्हतं. जगात कुठंही जा, हा आजार सगळ्यात लहान बाळांना सगळ्यात वाईट धरतो. आंबेघरच्या आकड्यांत सात-आठ महिन्यांची बाळं आजारी पडत होती, पण तीन महिन्यांच्या आतलं जवळजवळ एकही नाही. आता लस पुरणार पहिले काही महिने आणि त्या महिन्यांत तिथं कुणी आजारीच पडत नाही, तर लस वाचवणार कुणाला? खोट्या तालुक्यानं स्वच्छ उत्तर दिलं: आंबेघर वगळा.

आमचे प्रमुख एकबोटे सर या उत्तरावर बेहद्द खूश होते. "डोंगरातली हवा, अंगावरचं दूध, बाळंतिणीची बंद खोली! याला आपण डोंगरकवच म्हणू, गिरिजा." त्या नावाचा शोधनिबंधही त्यांनी लिहायला घेतला होता.

"सर, इतके धुतलेले आकडे मी बघितले नाहीत. कुणीतरी धुतलेत."

"कोण धुणार?"

"तिथला डॉक्टर. त्याच्याशिवाय आहे कोण?"

"मग जा, बघून ये. पण सोमवारच्या समितीच्या आत ये," सर म्हणाले.

तर अशी मी आंबेघरच्या ग्रामीण रुग्णालयात, इंगवल्यांसमोर, बिस्किटं न खाता बसले होते. खिडकीतून समोरची पाटी दिसत होती. 'डॉ. इंगवले यांचा दवाखाना.' सरकारी रुग्णालयाच्या अगदी तोंडासमोर.

"हे कुणाचं?"

"चुलतभावाचं."

"बरा चालतो?"

"झकास!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लहान बाळ आलं की हा समोर धाडतो. भावाचं घर भरतं आणि सरकारी कागद स्वच्छ राहतो. मी चहा एका घोटात संपवला आणि म्हटलं, "वॉर्ड नंतर बघू. आधी गावात जाऊ." कारण ज्या सुनांची गरोदरपणाची नावं आंबेघरात घातलेली होती आणि ज्यांचं बाळंतपण होऊन गेलं असणार, त्यांतली काही घरं मी पुण्याहूनच निवडून आणली होती, याला न कळवता.

त्याचा चेहरा क्षणभर पडला. लगेच म्हणाला, "मी येतो बरोबर, जीप घेऊन. तुमच्या गाडीला तो रस्ता झेपायचा नाही."

येणारच तू, मी मनात म्हटलं.

कारवीवाडीत पहिल्या घरी एक सासूबाई उन्हात पावटे सोलत बसल्या होत्या. सून कुठंय विचारलं तर म्हणाल्या, "माहेरी." बाळ? "तेबी तिकडंच की. आईला सोडून कसं ऱ्हाईल?" दुसऱ्या घरी नवराच भेटला, दाढीला साबण लावलेला. तोही म्हणाला, माहेरी. मी जीपकडं परत येताना डॉक्टरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "वा! पाठांतर चांगलं करून घेतलंय."

"कसलं पाठांतर?"

"सगळ्यांच्या सुना एकदम माहेरी? गावात एक तान्हं बाळ दाखवायला नाही?"

"बाळंतपणाला माहेरी जाणार नाहीत तर कुठं जातील, मॅडम? आमच्याकडं पहिलं काय, दुसरंबी माहेरीच करतात."

मला कुणी उलट समजावलं की राग येतो, आणि तेव्हा तर नाकावरच होता. मी म्हटलं, "तिसरं घर."

तिसरं घर तानूबाईंचं. पुढच्या खोलीच्या तुळईला पाळण्याची कडी होती, नवी, तेल लावलेली. पाळणा मात्र नव्हता. तानूबाईंनी पाणी दिलं, घोंगडं टाकलं. त्या पासष्टीच्या असाव्यात, हाडापेरानं मजबूत बाई.

"सून कुठंय आजी?"

"माहेरी."

"बाळ?"

त्यांनी कडीकडं बघितलं. डॉक्टर उंबऱ्यातून म्हणाले, "मॅडम, चला आता."

झालं! मला वाटलं, चोर हाताला लागला. मी म्हटलं, "तुम्ही मध्ये बोलू नका डॉक्टर. आजी, कडी लावलीय, मग पाळणा कुठंय? बाळ कधी आणणार घरी?"

"आणायला काय ऱ्हायलंय बाई," तानूबाई म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हातातलं पाणी खाली ठेवायचं सुचेना.

"पोरगी हुती. दिवाळीच्या आधी सुनंला पोचवली. बारशाला म्या गेले तवा मांडीव घेतली, तेवढीच. शर्वरी नाव ठेवलं. मग खोकला लागला. धाप लागायची, दूध वढंना. तिकडच्या दवाखान्यात न्हेली, पर गेली. पाळणा सोडून ठिवला म्या. सारखा डोळ्यापुढं येतुया."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या घोंगड्यावर कळलं. माझा हात आपोआप पोटावर गेला. तानूबाईंनी तो बघितला.

"कितवा?"

"सातवा."

"मग हितं डोंगरात काय करतीयास? जा आईकडं." उठून त्यांनी डब्यातून गुळाचा खडा काढला आणि माझ्या मुठीत दाबला. पोटुशी बाई घरातनं रिकामी जाऊ नये म्हणाल्या.

जीपमध्ये बसल्यावर मी आधी डोळे पुसले. मग माझ्यातली तराजू उलटा करणारी आई पुन्हा जागी झाली.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"मग आकड्यांत ती मुलगी का नाही?"

"आमच्याकडं आलीच नाही ती. पलीकडच्या तालुक्यात दाखल होती."

"मग त्यांच्या आकड्यांत असेल."

"कशी असेल? त्यांच्या तालुक्यातली नव्हे ना ती. बाप इथला."

"अहो, म्हणजे ती कुठलीच नाही?"

डॉक्टरांनी गिअर बदलला.

"आता वॉर्ड," मी म्हटलं.

या वेळी त्यांनी चहाचं नाव काढलं नाही. व्हरांड्याच्या टोकाला बंद दार होतं, ते उघडून बाजूला उभे राहिले.

आत बाळंच बाळं. एका खाटेवर दोन दोन, आडवी घातलेली. नाकाशी नळ्या, पोटं भात्यासारखी खालीवर होणारी. कडेला आया बसलेल्या, डोक्याला फडकी बांधलेल्या ओल्या बाळंतिणी. एकीच्या मांडीवरचं बाळ तर माझ्या हाताएवढं होतं.

"केवढं आहे हे?"

"दीड महिन्याचं," ती म्हणाली.

मी इंगवल्यांकडं वळले आणि माझा तोल सुटला. "तीन महिन्यांच्या आतलं कुणी आजारी पडत नाही ना तुमच्याकडं? मग ही काय बाहुल्या आहेत? कुठं गेली ही बाळं आकड्यांतून? समोर भावाच्या दवाखान्यात?"

"भाऊ दातांचा डॉक्टर आहे, मॅडम."

पलीकडची एक बाळंतीण अशाही स्थितीत फिसकन हसली. मी तिच्याकडं बघितलंच नाही.

"दातांचा असो नाहीतर ढोरांचा. ही बाळं का मोजली नाहीत?"

"कारण ही आमची नव्हेत," इंगवले म्हणाले. तेही आता चिडले होते. "या आमच्या लेकी. ही कारवीवाडीची, ती खालच्या आळीची. बाळंतपणाला आल्यात. लेकी आमच्या, पण बाळं परगावची. तुमचाच नियम आहे, पहिल्या पानावर: तालुक्याचे रहिवासी नसलेले रुग्ण वगळावेत. मी फोन करून विचारलं होतं एकबोटे सरांना. ते म्हणाले, डॉक्टर, पाहुणे मोजायचे नाहीत."

नियम मला पाठ होता. प्रत्येक अभ्यासात असतोच तो. ज्या गावची माणसं छेदात मोजायची, त्याच गावचे आजारी अंशात मोजायचे, नाहीतर भागाकार चुकतो. त्यात कुणाला कधी काही खटकलं नव्हतं.

"मग सकाळपासून वॉर्ड का दाखवत नव्हता?"

"दोन बाळांत एक खाट, तीन बाळांत एक नळी. पुण्याचा माणूस आला की इथनं काहीतरी काढून नेतो. मागं एकजण आला, त्यानं दुसरा डॉक्टर काढून नेला. मला वाटलं तुम्ही मला काढायला आलात."

"त्यासाठीच आले होते," मी म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. आई. सोलापूरहून रोज या वेळेला यायचाच तो, आणि न उचलला तर ती संदेशला, माझ्या नवऱ्याला, धारेवर धरायची. मी व्हरांड्यात गेले.

"आई, मी कामात आहे गं."

"काम जळो. सातवा सरत आला. आठव्यात प्रवास करू देणार नाही मी. खाट लावून ठेवलीय, बाळंतिणीच्या लाडवांचा डिंक आणलाय. कधी येतीयेस?"

"अगं, पण माझं नाव पुण्यात घातलंय. सगळ्या तपासण्या तिकडं..."

"नाव तू पुण्यात घाल नाहीतर काशीत घाल. बाळ माझ्या घरी रडणार आहे."

ती आणखी पुष्कळ बोलली. मी फोन कानाला लावून नुसती उभी होते. माझंही नाव पुण्याच्या खोट्या तालुक्यात असणार, माझं खोटं बाळ तिथं खोट्या बापाच्या घरात पडलेलं असणार, आणि खरं बाळ सोलापुरात. ते आजारी पडलं तर सोलापूर म्हणणार, पाहुणं आहे. पुणं म्हणणार, आमच्याकडं कुणी आजारी नाही. आणि लस? ती शेवटच्या महिन्यांत टोचायची, सासरच्या गावी, जिथं नाव घातलंय तिथं. तोवर बाई निघून गेलेली. अरे देवा! आम्ही सगळे बायका-पोरांतली माणसं, कुणाच्या बहिणी, कुणाचे मामा, आणि आम्ही वसवलेल्या तालुक्यात एकाही लेकीला माहेर दिलेलं नव्हतं.

रविवारी मी एकबोटे सरांना सगळं सांगितलं. सर ऐकून घेतात, पण मान हलवत नाहीत.

"इंगवल्यानं तुला गुंडाळलं," ते म्हणाले. "वॉर्ड दाखवला, रडणाऱ्या आया दाखवल्या. त्याला लस हवीय, खाटा हव्यात. कळत नाही तुला?"

"सर, मी कुणाकडून गुंडाळून घेणारी वाटते तुम्हाला?"

"या अवस्थेत बायका हळव्या होतात."

मी त्यावर काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेवटी सर म्हणाले, "हे पुढच्या निबंधात बघू. उद्या मी मांडतो, तू गप्प बसायचंस."

समितीत लांबलचक टेबल होतं, त्याभोवती सचिव, संचालक, दोन बालरोगतज्ज्ञ. अध्यक्षस्थानी श्रीमती सबनीस, चष्म्यावरून बघणाऱ्या. सरांनी डोंगरकवच सुंदर मांडलं. रंगीत आलेख, आडव्या रेषा. माना हलायला लागल्या. सबनीसबाईंनी पेन उचललं. आंबेघरावर आता फुली पडणार होती, आणि त्या दीड महिन्याच्या बाळाची नळी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मी उभी राहिले. पोटामुळं खुर्ची मागं जाऊन धाडकन आपटली, त्यामुळं सगळ्यांनीच बघितलं.

"मॅडम, हे उत्तर चुकलंय. आंबेघरची तान्ही बाळं आजारी पडत नाहीत असं नाही. पहिले काही महिने ती आंबेघरात नसतात."

सरांचा चेहरा लाल झाला. मी जमेल तसं सांगितलं. माहेर, नियम, वॉर्ड, तानूबाईंची नात. श्रीमती सबनीसांनी पेन खाली ठेवलं नाही.

"हे तुम्हाला तिथल्या डॉक्टरांनी सांगायला सांगितलं का?"

"नाही मॅडम."

"मग पुरावा काय? एका वॉर्डावरून आणि तीन घरांवरून धोरण बदलत नाही."

खरं होतं ते. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं. माझ्याकडं नवा आलेख नव्हता. मी टेबलाभोवती एकेक चेहरा बघितला.

"एक विचारते, राग मानू नका. आपल्यापैकी कोणकोण मामाच्या गावी जन्मलंय?"

कुणीतरी खाकरलं. कुणीतरी हसलं. मग एका बालरोगतज्ज्ञानं हात वर केला. "मी. पंढरीनाथ मामांकडं, बार्शीला." त्याच्या शेजारच्यानं केला. संचालकांनी केला. सचिव म्हणाले, "मी तर चार महिने तिथंच होतो म्हणे," आणि हात वर केला. श्रीमती सबनीसांनी चष्मा काढला आणि पेनासकट हात वर केला. टेबलाभोवती हातच हात झाले. फक्त एकबोटे सरांचे दोन्ही हात टेबलाखाली होते.

"आणि तुमचं?" सबनीसबाईंनी मला विचारलं.

"माझं बाळ सोलापूरला होणार. उद्याची गाडी आहे. नाव पुण्यात घातलंय."

त्या दिवशी आंबेघरावर फुली पडली नाही. नियम बदलायचं ठरलं: आजारी बाळ जिथं सापडेल तिथं मोजायचं, आणि लस बाई जिथं असेल तिथं टोचायची, तिला गाव विचारायचं नाही. मी रात्रीच्या आत नवीन खोटा तालुका वसवून द्यायचं कबूल केलं. त्यात लेकी येणार होत्या, जाणार होत्या.

बाहेर आल्यावर सर माझ्या मागून जिना उतरायला लागले. मला खात्री होती, आता हे माझं नाव निबंधातून काढल्याचं सांगणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत. त्यांनी हात वर न केल्याचंही त्यात होतं.

सरांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

"मिरज," ते म्हणाले.

"काय सर?"

"मीही मामाकडंच. मिरजेला." मग कठड्याला हात धरून थांबले. "माझ्याआधी एक मुलगी होती. तीही तिथंच झाली. थंडीचे दिवस होते, खोकला झाला होता, असं आई सांगायची. वडिलांनी तिला बघितलंसुद्धा नव्हतं. आम्हाला कुणी विचारलं तर आम्ही भावंडं तीन असंच सांगतो."

"चार म्हणा ना सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं, त्यांना मान हलवताना पहिल्यांदा बघत होते. मग त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "सावकाश उतर. उद्या गाडीवर सोडायला मी येतो."